हमीभाव, बंधन आणि निविदा : युरोपातील नवीकरणीय विजेच्या राजाश्रयाचा तौलनिक विचार

१. विषयप्रवेश

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन-अडीच दशकांत पश्चिम युरोपातील बहुतेक राष्ट्रांनी वारा, सूर्यप्रकाश, लहान जलप्रवाह व जैविक पदार्थ यांपासून निर्माण होणाऱ्या विजेस राज्यसंस्थेचा आश्रय देण्यास प्रारंभ केला. उद्देश सर्वत्र जवळपास एकच होता. साधने मात्र राष्ट्रागणिक भिन्न होती. कोणी उभारणीसाठी भांडवली अनुदान दिले. कोणी अशी वीज ठरावीक भावाने विकत घेण्याची सक्ती वीजकंपन्यांवर केली. कोणी पुरवठादारांवर विशिष्ट प्रमाणाचे बंधन घातले. तर कोणी निविदा मागवून सर्वांत स्वस्त वीज देऊ करणाऱ्याशी करार केला. ह्या भेदांची कारणे कोणती आणि त्यांचे परिणाम काय झाले, ह्याचा विचार डेन्मार्क, जर्मनी, ब्रिटन व स्पेन ह्या चार राष्ट्रांच्या इतिहासाच्या आधारे येथे करावयाचा आहे.

अर्थशास्त्रीय ग्रंथांत ह्या योजनांचे दोन वर्ग पाडण्याचा प्रघात आहे. पहिल्या वर्गात सरकार किंमत ठरविते आणि किती वीज निर्माण होईल हे उत्पादकांवर सोडते. दुसऱ्या वर्गात सरकार प्रमाण ठरविते आणि किंमत बाजारावर सोडते. पहिल्या प्रकारास शेतमालाच्या व्यवहारातून मराठीत रूढ झालेला 'हमीभाव' हा शब्द चांगला लागू पडतो, कारण पेरणीपूर्वी शेतकऱ्यास जी खात्री हवी असते तीच उभारणीपूर्वी ह्या उत्पादकास हवी असते. दुसऱ्या प्रकारास 'बंधन' म्हणता येईल. निविदेची पद्धत ह्या दोहोंच्या मध्ये कोठेतरी पडते.

हे वर्गीकरण चुकीचे नाही. परंतु ते अपुरे आहे. पवनचक्कीचा वा सौरसंचाचा जवळजवळ सर्व खर्च उभारणीच्या वेळीच करावा लागतो आणि पुढे इंधनास पैसा पडत नाही. केलेला खर्च पंधरा-वीस वर्षांच्या विक्रीतून हळूहळू परत मिळवावयाचा असतो. साहजिकच त्या वर्षांतील उत्पन्नाची शाश्वती जितकी अधिक, तितके कर्ज स्वस्त आणि तितकी वीजही स्वस्त. राज्यसंस्था अशा उत्पादकास जे देते ते मुळात द्रव्य नसून दीर्घ मुदतीचे वचन असते. द्रव्य बहुधा वीजग्राहकाच्या खिशातूनच येते. म्हणून कोणत्याही योजनेस तीन प्रश्न विचारले पाहिजेत: वचन कोणास दिले, किती काळासाठी दिले, आणि ते अपुरे पडल्यास वा मोडल्यास झळ कोणास लागली. ह्या कामी कायद्यांतील शब्दयोजना हा एक दुर्लक्षित परंतु उपयुक्त पुरावा आहे, आणि प्रसंगोपात्त त्याचाही विचार पुढे केला आहे.

२. डेन्मार्क : अनुदान व सहकार

वाऱ्यापासून वीज काढण्याची परंपरा डेन्मार्कमध्ये जुनी आहे. पाउल ला कूर ह्या विज्ञानशिक्षकाने आस्कोव्ह येथील लोकविद्यालयात १८९१ मध्ये प्रायोगिक पवनचक्की उभारली, आणि योहानेस यूल ह्याची गेडसर येथील २०० किलोवॅटची चक्की १९५७ पासून दहा वर्षे चालली. तथापि स्वस्त खनिज तेलापुढे ह्या प्रयोगांचा निभाव लागला नाही. १९७३ च्या तेलसंकटाच्या वेळी ह्या देशाची नव्वद टक्क्यांहून अधिक ऊर्जा आयात तेलापासून येत होती. त्या धक्क्यानंतर सरकारचा कल अणुशक्तीकडे होता. परंतु लोकमत विरोधात गेले आणि १९८५ मध्ये संसदेने अणुवीजकेंद्रे आपल्या नियोजनातून वगळली. दरम्यान सुतार, लोहार, शेतीची अवजारे बनविणारे कारखानदार आणि उत्साही शिक्षक यांनी लहान पवनचक्क्या बांधण्यास आरंभ केला होता.

राज्याचा आश्रय ह्या चळवळीच्या मागोमाग आला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. १९७९ मध्ये पवनचक्कीच्या किमतीच्या तीस टक्के अनुदान देण्याचे ठरले. मात्र रीसो येथील चाचणी केंद्राची मान्यता मिळालेल्या चक्कीसच ते मिळे. अनुदानाची रक्कम पुढे टप्प्याटप्प्याने कमी होत १९८९ मध्ये ते बंद झाले. ह्या अटीमुळे अनुदानाबरोबर यंत्राच्या दर्जाची परीक्षाही घडून आली. विजेच्या भावाचा प्रश्न प्रथम वीजकंपन्या व चक्कीमालक यांच्यातील कराराने सुटला आणि १९९२ पासून कायद्याने किरकोळ दराच्या ८५ टक्के भाव व त्यावर करांचा परतावा अशी व्यवस्था झाली.

ह्या चक्क्यांचे मालक बहुधा शेजारी राहणाऱ्या कुटुंबांचे संघ असत. अशा संघास डॅनिश भाषेत 'लाउग' म्हणतात. मध्ययुगीन कारागिरांच्या श्रेणीचा वाचक असलेला हा जुना शब्द नव्या अर्थाने पुन्हा वापरात यावा, ही गोष्ट त्या संस्थांची स्वतःविषयीची कल्पना स्पष्ट करते. कोपनहेगनच्या किनाऱ्याजवळ २००० साली उभ्या राहिलेल्या मिडेलग्रुन्डेन येथील ४० मेगावॅटच्या प्रकल्पात वीस चक्क्या असून त्यांपैकी निम्म्यांची मालकी आठ हजारांहून अधिक सभासदांच्या सहकारी संघाकडे होती. चक्कीच्या आवाजाबद्दल तक्रार करणारा आणि तिच्या उत्पन्नात वाटा असणारा असे दोन वेगळे वर्ग त्यामुळे सहसा पडले नाहीत.

१९९९ च्या सुधारणेने ही घडी विस्कटली. निश्चित भावाऐवजी बाजारात विकता येणाऱ्या हरित प्रमाणपत्रांची पद्धत आणण्याचे जाहीर झाले. ती लांबणीवर पडत गेली आणि शेवटी सोडून देण्यात आली. जुने वचन संपले होते आणि नवे आले नव्हते. २००१ च्या सत्तांतरानंतर आधार आणखी आखडला आणि २००४ ते २००७ ह्या काळात जमिनीवरील पवनचक्क्यांची उभारणी जवळजवळ थांबली. पुढे २००८ च्या कायद्याने नव्या प्रकल्पातील वीस टक्के मालकी स्थानिक रहिवाशांना देऊ करणे बंधनकारक झाले. जे पूर्वी आपोआप घडत होते ते आता कायद्याने घडवावे लागले.

३. जर्मनी : 'मोबदला' ही संकल्पना

जर्मनीत आरंभीचा भर संशोधनावर होता. उत्तर किनाऱ्यावर १९८३ मध्ये उभारलेली तीन मेगावॅटची प्रचंड पवनचक्की तांत्रिक दोषांमुळे क्वचितच चालली आणि काही वर्षांतच मोडीत निघाली. डॅनिश सुतारांच्या लहान चक्क्या चालत असताना सरकारी द्रव्यावर बांधलेली मोठी चक्की बंद पडावी, हा अनुभव बोधप्रद ठरला.

निर्णायक पाऊल मात्र अगदी साध्या मार्गाने पडले. बव्हेरियातील लहान जलविद्युतकेंद्रांच्या मालकांची तक्रार होती की मोठ्या वीजकंपन्या त्यांची वीज घेत नाहीत किंवा कवडीमोलाने घेतात. त्यांची बाजू मांडणारे पुराणमतवादी सदस्य माथियास एंगेल्सबेर्गर आणि हरित पक्षाचे वोल्फगांग डॅनिएल्स यांच्या प्रयत्नांतून डिसेंबर १९९० मध्ये एक कायदा संमत झाला व १ जानेवारी १९९१ पासून अमलात आला. अवघ्या पाच कलमांच्या ह्या कायद्याने वीजकंपन्यांवर अशी वीज घेण्याची सक्ती केली आणि वारा व सूर्यप्रकाश यांपासूनच्या विजेस ग्राहकांकडून मिळणाऱ्या सरासरी दराच्या किमान नव्वद टक्के भाव ठरवून दिला. देशाच्या एकीकरणाच्या धामधुमीत मोठ्या कंपन्यांचे लक्ष पूर्वेकडील वीजव्यवस्था ताब्यात घेण्याकडे होते. ह्या लहानशा कायद्याचे सामर्थ्य त्यांच्या ध्यानात आले नाही.

त्यात दोन उणिवा होत्या. पहिली अशी की जेथे वारा अधिक तेथील वीजकंपनीवर भार अधिक पडे, म्हणजे उत्तर किनाऱ्यावरील ग्राहक साऱ्या देशाच्या वतीने खर्च सोशीत. दुसरी अशी की भाव हा सामान्य दराच्या प्रमाणात असल्यामुळे १९९८ मध्ये वीजबाजार खुला होऊन दर उतरू लागताच चक्कीमालकाचे उत्पन्नही घटू लागले. सूर्यप्रकाशापासूनच्या विजेस तर हा भाव मुळातच अपुरा होता. आखेन शहराने १९९५ पासून सौरविजेस खर्च भरून निघेल असा भाव, म्हणजे युनिटला सुमारे दोन मार्क, देण्याचा प्रयोग करून दाखविला आणि इतर काही नगरांनी तो उचलला.

१ एप्रिल २००० रोजी अमलात आलेल्या नव्या कायद्याने ह्या उणिवा दूर केल्या. हेर्मान शेअर व हान्स-योसेफ फेल हे त्याच्या प्रमुख शिल्पकारांपैकी होत. भाव आता दराशी निगडित न राहता प्रत्येक स्रोताच्या खर्चानुसार ठरला: सौरविजेस युनिटला ९९ फेनिग, वाऱ्याच्या विजेस निदान पहिली पाच वर्षे १७.८ फेनिग. भावाची मुदत वीस वर्षे ठरली. नंतरच्या वर्षांत उभारणी करणाऱ्यास भाव क्रमाक्रमाने कमी मिळे. आणि भार साऱ्या देशात सारखा वाटला जाई. ह्या कायद्याच्या पूर्ण नावात 'फोररांग', म्हणजे अग्रक्रम, हा शब्द आहे आणि उत्पादकास मिळणाऱ्या रकमेस तो 'फेरग्यूटुंग' म्हणतो. ह्याचा अर्थ मोबदला. अनुदान वा साहाय्य नव्हे. खर्चाच्या वाटणीस 'उमलागे' हा शब्द आहे. संघातील सभासदांनी सामायिक खर्च वाटून घ्यावा त्या प्रकारची ती वर्गणी होय.

हा शब्दभेद केवळ शोभेचा नव्हता. प्रॉइसनएलेक्ट्रा ह्या मोठ्या वीजकंपनीने पूर्वीच्या कायद्याविरुद्ध लढविलेला खटला युरोपीय न्यायालयापुढे आला तेव्हा नेमका प्रश्न हाच होता की, ही रक्कम राज्याचे साहाय्य ठरते काय. १३ मार्च २००१ रोजी न्यायालयाने निर्णय दिला की खासगी कंपन्यांवर विशिष्ट भावाने खरेदीची सक्ती केल्याने राज्याच्या तिजोरीतून काहीही खर्ची पडत नाही, म्हणून ते राज्यसाहाय्य नव्हे. हमीभावाची सारी पद्धत ह्या निर्णयावर उभी राहिली.

वचन विश्वसनीय असल्याने शेतकरी, नगरपालिका व घरमालक ह्या सर्वांनाच त्याच्या आधारे कर्ज मिळू शकले. परंतु यशाचा खर्चही मोठा होता. सौरसंचांच्या किमती अपेक्षेहून फार वेगाने कोसळल्या, भाव मात्र तितक्या वेगाने उतरविण्यात आले नाहीत. ग्राहकांवरील अधिभार २०१४ मध्ये युनिटला ६.२४ सेंटपर्यंत गेला. वीज अधिक वापरणाऱ्या उद्योगांना त्यातून मोठी सूट असल्यामुळे उरलेला भार घरगुती ग्राहक व लहान व्यावसायिक यांच्यावर अधिक पडला. १ जुलै २०२२ पासून हा अधिभार रद्द होऊन खर्च केंद्रीय निधीतून होऊ लागला. वर्गणीच्या जागी राजकोष आला आणि 'मोबदला' व 'साहाय्य' यांतील जुना भेद पुसट झाला.

४. ब्रिटन : स्पर्धेवरील विश्वास

ब्रिटनमधील पहिली योजना नवीकरणीय विजेसाठी जन्मास आलीच नव्हती. १९८९ च्या कायद्याने वीजउद्योगाचे खासगीकरण करताना अणुवीजकेंद्रांना खरेदीदार मिळणार नाही हे स्पष्ट झाले. म्हणून वितरण कंपन्यांवर विशिष्ट प्रमाणात 'अ-खनिज' इंधनाची वीज घेण्याचे बंधन घालण्यात आले आणि त्यासाठी ग्राहकांच्या देयकावर सुमारे दहा टक्के अधिभार बसला. त्याचा फार मोठा भाग अणुविजेस गेला. वारा व इतर स्रोत ह्या दाराने जणू मागाहून आत शिरले. योजनेचे नावच निषेधार्थक आहे: हे इंधन काय आहे ते न सांगता काय नाही ते सांगणारे. त्यामागील हेतूची साक्ष ह्याहून स्पष्ट मिळणे कठीण.

इंग्लंड व वेल्स यांसाठी १९९०, १९९१, १९९४, १९९७ व १९९८ अशा पाच फेऱ्या झाल्या. अधिभाराची मुदत १९९८ अखेर संपावयाची असल्याने पहिल्या दोन फेऱ्यांतील करारही तेथेच संपत. इतक्या अल्पकाळात खर्च वसूल करावयाचा म्हणून १९९१ मध्ये वाऱ्याच्या विजेस युनिटला ११ पेन्स भाव द्यावा लागला. तिसऱ्या फेरीपासून मुदत पंधरा वर्षांची झाली, स्पर्धा तीव्र झाली आणि १९९८ पर्यंत भाव तीन पेन्सांच्याही खाली आला. कागदोपत्री हे मोठे यश होते. परंतु करार मिळवूनही प्रकल्प न उभारल्यास कोणताही दंड नव्हता. उभारणीस पाच वर्षांची सवड असल्याने बोलीदार भविष्यात यंत्रे स्वस्त होतील ह्या भरवशावर भाव लावीत. शिवाय स्वस्तात स्वस्त वीज देण्यासाठी सर्वांत जास्त वाऱ्याच्या, म्हणजे नेमक्या निसर्गरम्य डोंगरमाथ्यांच्या, जागा निवडणे भाग पडे आणि स्थानिक रहिवाशांचा विरोध ओढवे. परिणामतः करार झालेल्या क्षमतेपैकी बराचसा भाग कधीच उभा राहिला नाही.

एप्रिल २००२ पासून दुसरी पद्धत आली. पुरवठादाराने आपल्या विक्रीचा ठरावीक हिस्सा नवीकरणीय विजेचा असल्याची प्रमाणपत्रे सादर करावयाची, अन्यथा युनिटला तीन पेन्स सुटकाशुल्क भरावयाचे. पहिल्या वर्षीचा हिस्सा तीन टक्के होता आणि तो वर्षानुवर्षे वाढावयाचा होता. जमलेले शुल्क प्रमाणपत्रे सादर करणाऱ्यांत वाटले जाई. ह्याचा विचित्र परिणाम असा की उद्दिष्ट जितके अपुरे राही तितके प्रमाणपत्राचे मोल वाढे. उद्दिष्ट पूर्ण होणे हे उत्पादकांच्या हिताचेच नव्हते. शिवाय विजेचा भाव आणि प्रमाणपत्राचा भाव अशी दुहेरी अनिश्चितता सोसण्याची ऐपत मोठ्या कंपन्यांनाच होती. सर्व स्रोतांना सारखेच प्रमाणपत्र देण्याचे मूळ तत्त्व २००९ मध्ये सोडून समुद्रातील पवनचक्क्यांना अधिक प्रमाणपत्रे देण्यात आली. स्रोतांमध्ये निवड न करण्याचे जे धोरण ह्या पद्धतीचे समर्थन म्हणून सांगितले जात होते तेच असे गळून पडले.

लहान उत्पादकांसाठी ब्रिटननेही एप्रिल २०१० मध्ये हमीभाव स्वीकारला. सौरसंचांना युनिटला ४३.३ पेन्स इतका भाव मिळू लागताच मागणी वाढली आणि सरकारने तो २१ पेन्सांवर आणण्याचे योजिले; परंतु त्यासाठी ठरविलेली १२ डिसेंबर २०११ ही तारीख लोकांची मते मागविण्याची मुदत संपण्याच्या आधीची होती. उच्च न्यायालयाने त्याच महिन्यात आणि अपील न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये हा प्रकार बेकायदेशीर ठरविला. भाव कमी करण्यास हरकत नव्हती. दिलेल्या वचनाच्या मागे जाऊन तो कमी करण्यास होती.

२०१३ च्या कायद्याने तिसरी पद्धत आणली. तिला मराठीत 'भावांतर करार' म्हणता येईल. निविदेतून ठरलेल्या भावापेक्षा बाजारभाव कमी असल्यास फरक उत्पादकास मिळतो. अधिक असल्यास तो उत्पादकाने परत करावयाचा असतो. मुदत आरंभी पंधरा वर्षांची होती. समुद्रातील वाऱ्याच्या विजेचा भाव, २०१२ च्या किमतींनुसार, २०१५ मध्ये हजार युनिटांस ११४ ते १२० पौंड होता, तो २०१७ मध्ये ५७.५० पर्यंत उतरला. स्पर्धेने भाव उतरतो हे १९९८ प्रमाणेच दिसले. फरक इतकाच की ह्या वेळी निविदेच्या पाठीशी दीर्घ मुदतीची हमी होती आणि प्रकल्प उभेही राहिले. तथापि २०२१-२२ मध्ये बाजारभाव भडकले तेव्हा काही प्रकल्पांनी कराराचा आरंभ लांबणीवर टाकून खुल्या बाजारात वीज विकली. वचनातील पळवाट उत्पादकालाही सापडू शकते, हे त्यातून दिसून आले.

५. स्पेन : वचनभंगाची किंमत

स्पेनने १९९७ च्या वीजकायद्यान्वये नवीकरणीय विजेसाठी 'विशेष व्यवस्था' निर्माण केली आणि उत्पादकास निश्चित भाव किंवा बाजारभावावर 'प्रिमा', म्हणजे वाढीव रक्कम, असा पर्याय दिला. ह्या आधारावर पवनविजेची वाढ चांगली झाली. २००७ च्या राजाज्ञेने लहान सौरकेंद्रांस पंचवीस वर्षांपर्यंत युनिटला ४४ सेंट इतका भाव ठरवून दिला. सौरविजेचे उद्दिष्ट २०१० पर्यंत ३७१ मेगावॅटचे होते. ते २००७ मध्येच गाठले जाण्याच्या बेतास आले. परंतु नियमाप्रमाणे नवा भाव लागू होण्यापूर्वी एक वर्षाची सवड होती. त्या वर्षात जो तो उभारणीच्या मागे लागला आणि एकट्या २००८ मध्ये अडीच हजार मेगावॅटहून अधिक सौरसंच उभे राहिले. गुंतवणूकदारांत परदेशी निधी होते, तसेच निवृत्तीची पुंजी घालणारी हजारो सामान्य कुटुंबेही होती.

ह्या खर्चाची तरतूद मात्र कोणीच केली नव्हती. जर्मनीत अधिभार थेट ग्राहकाच्या देयकात दिसे. स्पेनमध्ये सरकार ग्राहकदर राजकीय कारणांसाठी प्रत्यक्ष खर्चाहून कमी ठेवी आणि तफावत 'तूट' म्हणून वीजकंपन्यांच्या खाती साचत जाई. ही तूट केवळ नवीकरणीय विजेमुळे निर्माण झाली नव्हती. तिचा आरंभ त्यापूर्वीचा आहे. तथापि २०१३ पर्यंत ती पंचवीस अब्ज युरोंच्या पलीकडे गेली आणि आर्थिक मंदीने देश ग्रासलेला असताना ती असह्य झाली.

सरकारने मग क्रमाक्रमाने माघार घेतली. २००८ अखेर नव्या केंद्रांसाठी नियतांश ठरले. २०१० मध्ये चालू सौरकेंद्रांना किती तासांच्या विजेस भाव मिळेल ह्यावर मर्यादा आली. जानेवारी २०१२ मध्ये नव्या प्रकल्पांचा आधार थांबला. आणि जुलै २०१३ मध्ये जुनी व्यवस्थाच रद्द होऊन 'वाजवी परतावा' हे तत्त्व चालू केंद्रांनाही लागू झाले. दहा वर्षे मुदतीच्या सरकारी रोख्यांवरील व्याजाहून तीन टक्के अधिक इतका परतावा वाजवी मानला गेला. 'वाजवी' हा शब्द १९९७ च्या कायद्यातही होता, हे सरकारचे समर्थन होते. गुंतवणूकदारांनी राजाज्ञेतील अंक वाचला होता. सरकारने कायद्यातील विशेषणाकडे बोट दाखविले. घटना न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये सरकारची बाजू उचलून धरली.

येथे एक विषमता उघडी पडली. परदेशी गुंतवणूकदारांना ऊर्जा-सनद करारान्वये आंतरराष्ट्रीय लवादाकडे जाता आले आणि अनेकांनी कोट्यवधी युरोंचे निवाडे मिळविले. त्यांपैकी काही पुढे रद्द झाले आणि युरोपीय न्यायालयाने २०२१ मध्ये संघांतर्गत गुंतवणूकदारांसाठी हा मार्गच अवैध ठरविला. स्पॅनिश कुटुंबांना तो मार्ग कधीच उपलब्ध नव्हता. एकाच राजाज्ञेवर विसंबलेल्या दोन व्यक्तींचे हक्क त्यांच्या राष्ट्रीयत्वावरून भिन्न ठरले.

६. संघाचे धोरण व पद्धतींचे एकीकरण

युरोपीय संघाच्या आयोगाचा कल १९९० च्या दशकाच्या अखेरीस सर्व राष्ट्रांसाठी एकच प्रमाणपत्र-बाजार निर्माण करण्याकडे होता. सदस्यराष्ट्रांनी तो मानला नाही. सप्टेंबर २००१ च्या निर्देशाने राष्ट्रांसमोर केवळ उद्दिष्टे ठेवली आणि साधनांची निवड त्यांच्यावर सोपविली. २००९ च्या निर्देशाने २०२० पर्यंत एकूण ऊर्जेच्या वीस टक्क्यांचे उद्दिष्ट बंधनकारक केले. आयोगाच्याच २००८ च्या पाहणीत, नीट बेतलेले हमीभाव सामान्यतः अधिक परिणामकारक व काटकसरीचे ठरतात असा अभिप्राय आला. बाजारावर सोपविलेली पद्धत स्वस्त पडेल ही अपेक्षा अनुभवाने खरी ठरली नव्हती, कारण अनिश्चिततेचा मोबदलाही शेवटी ग्राहकच देतो. ह्यास अपवाद स्वीडनचा. तेथे २००३ पासूनची प्रमाणपत्रांची पद्धत तुलनेने स्वस्त पडली आणि २०१२ मध्ये नॉर्वेही तीत सामील झाला. मात्र जैविक इंधन व वारा यांची त्या प्रदेशातील विपुलता हे त्याचे एक मोठे कारण होते.

२०१४ मध्ये आयोगाने राज्यसाहाय्याविषयीचे नवे नियम केले आणि २०१७ पासून लहान प्रकल्प वगळता सर्वांसाठी निविदा ही सर्वसामान्य रीत ठरली. जर्मनीनेही २०१७ मध्ये ती स्वीकारली. लोकांच्या संस्थांना संरक्षण म्हणून तेथे 'नागरी ऊर्जासंस्थां'ना आवश्यक परवान्यांशिवाय बोली लावण्याची व उभारणीसाठी अधिक काळाची सवलत दिली गेली. त्या वर्षीच्या फेऱ्यांत जवळजवळ सर्व करार अशा संस्थांनाच मिळाले. परंतु त्यांपैकी बऱ्याच संस्थांमागे व्यावसायिक कंपन्या होत्या आणि अनेक चक्क्या उभ्याच राहिल्या नाहीत. ब्रिटनने १९९० च्या दशकात घेतलेला अनुभव जर्मनीस वीस वर्षांनी पुन्हा घ्यावा लागला.

यंत्रे स्वस्त झाल्यावर आधार नकोसा होईल अशी समजूत ह्याच काळात बळावली. एप्रिल २०१७ मध्ये जर्मनीच्या समुद्रातील काही प्रकल्पांसाठी शून्य साहाय्याच्या बोली आल्या. डिसेंबर २०२१ मध्ये डेन्मार्कच्या थोर ह्या सागरी प्रकल्पासाठी अनेक बोलीदार राज्यासच कमाल रक्कम देण्यास सिद्ध झाले आणि निवड चिठ्ठ्या टाकून करावी लागली. पुढे व्याजदर व साहित्याच्या किमती वाढल्या तेव्हा चित्र पालटले. सप्टेंबर २०२३ च्या ब्रिटिश फेरीत समुद्रातील वाऱ्यासाठी एकही बोली आली नाही. डिसेंबर २०२४ मध्ये डेन्मार्कच्या तीन हजार मेगावॅटच्या, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये जर्मनीच्या निविदेस तोच अनुभव आला. ब्रिटनने कमाल भाव वाढवून २०२४ मध्ये प्रकल्प मिळविले. डेन्मार्कने भावांतर करारासह निविदा पुन्हा काढण्याचे ठरविले. २०२४ च्या संघीय नियमानेही २०२७ पासूनच्या नव्या प्रकल्पांना थेट भावाधार द्यावयाचा झाल्यास तो द्विमार्गी भावांतर कराराच्या किंवा तत्सम रूपाने द्यावा असे ठरविले आहे.

७. निष्कर्ष

वरील इतिहासावरून काही निष्कर्ष निघतात. पहिला असा की हमीभाव व बंधन यांतील वाद तत्त्वतः जितका तीव्र वाटतो तितका व्यवहारात टिकला नाही. ब्रिटनने हमीकडे आणि जर्मनीने निविदेकडे वाटचाल केली व दोघे जवळपास एकाच ठिकाणी येऊन पोहोचले. दुसरा असा की स्पर्धेने भाव उतरतो हे खरे असले तरी उतरलेला भाव म्हणजे उभी राहिलेली चक्की नव्हे. १९९८ चे ब्रिटन आणि २०१७ चे जर्मनी ही त्याची उदाहरणे होत.

तिसरा निष्कर्ष सहभागासंबंधी आहे. जोखीम जितकी उत्पादकावर टाकावी तितके लहान उत्पादक बाहेर पडतात. डेन्मार्कच्या शेजारसंघास आणि जर्मन शेतकऱ्यास निश्चित भावाच्या आधारे बँकेकडे जाता आले. प्रमाणपत्रांच्या बाजारात वा निविदेच्या स्पर्धेत त्यांना स्थान नव्हते. स्वस्त वीज आणि विखुरलेली मालकी ही दोन उद्दिष्टे एकाच साधनाने साधतील असे मानणे ही धोरणकर्त्यांची वारंवार झालेली चूक आहे.

चौथा निष्कर्ष सर्वांत महत्त्वाचा. चारही राष्ट्रांत खर्च अखेरीस ग्राहकावर वा करदात्यावर पडला. जेथे तो उघडपणे सांगितला गेला तेथे वाद झाले, सवलतींवरून अन्यायाची तक्रार झाली, परंतु दिलेले वचन पाळता आले. जेथे तो तुटीच्या खात्यात दडविला गेला तेथे वचनच मोडावे लागले, आणि त्याची झळ ज्यांना न्याय मागण्याचा मार्ग सर्वांत अरुंद होता त्यांना सर्वांत अधिक लागली. म्हणून एखाद्या योजनेचे मूल्यमापन करताना भाव किती ठरला हे पाहण्यापूर्वी तो कोण देणार हे तिच्या कर्त्यांनी स्पष्ट केले होते काय, हे पाहणे युक्त होय.